ग्रामसभेची खबर बायांपर्यंत कशी पोहोचवता? तुमच्या गावातलं सांगा

आर्वीकडची सून:

नमस्कार सगळ्यांना. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे लहानसं गाव आहे आमचं. गावाचं नाव लिहीत नाही. कोणाची बदनामी करायची नाही, मार्ग विचारायचा आहे.

१५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. लेकरांची भाषणं झाली, बुंदी वाटली आणि आम्ही बाया घरी आलो. साडेबाराच्या सुमारास मी पोळ्या लाटत होती, तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. "वहिनी, इथं सही करून द्या, ग्रामसभेची आहे." हाताला कणीक होती. पदराला हात पुसला आणि सही केली. माझ्या आधी सासूबाईंचा अंगठा झाला होता. पानावर माझ्या बोटाचा कणकेचा डाग पडला, तो अजून डोळ्यासमोरून जात नाही.

चार दिवसांनी दळण घेऊन चक्कीवर गेली तेव्हा कळलं, त्या ग्रामसभेत समाजभवनासमोर फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसवायचा ठराव झाला. गट्टू वाईट नाहीत. पण आमच्या मोहल्ल्यातली नाली तीन पावसाळ्यांपासून तुंबली आहे आणि तिचं पाणी हापशीच्या ओट्यावर चढतं. बाया विटा मांडून, विटेवर पाय ठेवून पाणी भरतात. मी स्वतः भरल्या गुंडीसकट दोन वेळा पडली. ही गोष्ट ग्रामसभेत उभं राहून बोलायची, असं उन्हाळ्यापासून मनात धरून होती. आणि आता कागद म्हणतो की मी त्या सभेत हजर होती.

नोटीस लागली होती का? लागली होती, जाऊन पाहून आली. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात काचेची पेटी आहे, तिला कुलूप, काचेला आतून ओल. आत मागच्या साली लावलेली घरटॅक्सची नोटीस, पोलिओच्या डोसाचं पोस्टर, आणि त्याच्या खाली अर्धा झाकलेला ग्रामसभेचा कागद. त्या व्हरांड्यात बाईमाणूस दाखल्याचं काम पडलं तरच जातं. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण मोबाईल घरच्या माणसाच्या खिशात आणि माणूस वावरात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतो आणि म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलालासुद्धा एक दिवस आधी सांगायची रीत आहे आपल्याकडे. माझ्या सासूबाई सत्तरीच्या झाल्या, त्यांना ग्रामसभेचं आवतण आजवर एकदाही आलं नाही.

आता २ ऑक्टोबरची ग्रामसभा येऊन राहिली. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा तेव्हापासूनच सुरू होते असं ऐकलं. माझ्या मनात आहे की चक्कीच्या भिंतीवर एक फळा लावावा. दळण होईपर्यंत बाया अर्धा-अर्धा तास तिथं उभ्या असतात. ग्रामसभा, लसीकरणाचा दिवस, ढोरांचं शिबिर, गणपतीतले कार्यक्रम, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, सगळं एका ठिकाणी लिहायचं. तुमच्याकडे खबर कशी देतात? सभा किती वाजता ठेवतात? आणि न बसता सही झाली असेल तर आता काय करावं?


घाटंजीचा भाऊ:

ताई, राग मानू नका, पण सही करणाऱ्याचीही चूक असते. न वाचता सही करू नये.


आर्वीकडची सून:

खरं आहे भाऊ. म्हणूनच विचारून राहिली.


निवृत्त सचिव:

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. गावात आम्हाला सचिवच म्हणत. दारोदार रजिस्टर का फिरतं ते आधी सांगतो, म्हणजे भांडण न करता बोलता येईल.

ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते. गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. ४०० मतदार असले तर ६०, हजार असले तर १५० नाही, १००. भर दुपारी एवढी माणसं बसत नाहीत, म्हणून मग सह्या गोळा करतात. याची गरज नसते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची, तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. मी नोकरीच्या सुरुवातीला हेच रजिस्टर फिरवलं आहे. ते चुकलं होतं माझं. त्यामुळे तुमचं वाचून बरं वाटलं नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते ऐका. सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे, आणि नुसती फलकावर लावून भागत नाही, दवंडीही द्यावी लागते. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवाव्या लागतात. बहुतेक गावांत ही सभा फक्त कागदावर होते. ती खरी घ्यायला लावा. तुमची खरी चावी तीच.

नालीचा विषय तोंडी सांगू नका. नोटीस निघायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरचा तिसरा आठवडा उलटायच्या आत, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. १५ ऑगस्टच्या सभेच्या इतिवृत्ताची, म्हणजे सभेत काय झालं त्या नोंदीची, नक्कल मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तो कायदा २००५ पासून आहे आणि ग्रामपंचायतीला पूर्ण लागू आहे.

आणि एक महत्त्वाचं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतीच्या निधीचे दोन भाग केले. ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. सांडपाण्याचं काम स्वच्छतेत बसतं. गट्टू बंधितमध्ये बसत नाहीत. म्हणजे तुमच्या नालीचं आणि गट्टूंचं भांडणच नाही, दोघांचा गल्ला वेगळा आहे. सभेत उभं राहून एकच विचारा: बंधित निधीतून आजपर्यंत कोणतं काम घेतलं? ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा दिसतो, शेजारच्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला उघडून द्यायला सांगा. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला पाहिजेत. तेही विचारून ठेवा.


दिग्रसचा सोयाबीनवाला:

वेळ बदला पहिले. २ ऑक्टोबरला दुपारी कोण येईल? सोयाबीन सोंगायला आलेलं असते, एक दिवस उशीर झाला तर शेंग वावरातच फुटते. बाया तर सोंगणीच्या मजुरीला सकाळी सातलेच निघतात. आमच्याकडे आता सभा संध्याकाळी घेतात.

खबर म्हणाल तर आमच्या गावात श्री गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. प्रार्थना संपली की भोंग्यावरून उद्याचं सांगतात. नळ येणार का नाही, रेशनचा माल आला का, कोणाकडे तेरवी आहे, ग्रामसभा कधी. आवाज सगळ्या घरात जातो, चुलीपाशी बसलेल्या बाईलेही ऐकू येते. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, त्या वेळी गावातली चक्कीसुद्धा बंद ठेवतात. हे कोणाले सांगावं लागत नाही, कारण वर्षानुवर्षं एकाच जागेवरून, एकाच आवाजात सांगितलं गेलं आहे. तुमचा फळा चांगला आहे, पण ज्या आजीबाईले वाचता येत नाही तिच्यासाठी भोंगा पाहिजेच.


माजी सरपंच, अचलपूर तालुका:

बाई, तुमचं वाचलं आणि माझी पहिली ग्रामसभा आठवली. महिला राखीव जागेवर निवडून आली होती मी. सभेत बाया किती, तर अंगणवाडी सेविका आणि आशाताई धरून सात. त्याही मागे, दाराजवळ.

मी दोन गोष्टी केल्या. महिला सभा ग्रामपंचायतीतून उचलून अंगणवाडीत नेली आणि बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशीच ठेवली. बाया तशाही पैसे भरायला जमतात, त्यासाठी वेगळा दिवस मोडावा लागत नाही. दुसरं म्हणजे, बोलायला उठणाऱ्या बाईच्या हातात कागद पाहिजे. नुसतं "नाली तुंबते" म्हटलं तर "पाहू" असं उत्तर मिळते. नाली कुठून कुठपर्यंत, किती फूट, किती घरं, हापशीपासून किती अंतरावर, हे मोजून लिहा. मोजायला मीटरपट्टी नसेल तर लुगडं धरा. माझ्या काळात आम्ही तसंच मोजलं होतं, नऊवारी लुगड्याने. आठ लुगडी भरली होती नाली. इंजिनिअर साहेबांनी नंतर टेपाने मोजली तेव्हा थोडाच फरक आला.

फळ्याबद्दल सांगते. आमचा पहिला फळा दोन महिन्यांत बंद पडला. कोणीतरी त्यावर गणपतीच्या वर्गणीत कोणाचे पैसे बाकी ते लिहिलं आणि दोन घरांत बोलणं बंद झालं. लिहिणार कोण, पुसणार कोण, हे आधी ठरवा. फळ्यावर तारीख, वेळ, जागा आणि विषय लिहा, माणसाचं नाव नको. लिहिणारी एकच असू द्या, जिचं अक्षर मोठं आहे आणि जिचं कोणत्याही पार्टीशी घेणंदेणं नाही.

आणि सहीबद्दल मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी शिपाई दारात आला तर म्हणा, "बसली असती तर केली असती." त्याच्यावर चिडू नका, त्याला पाठवलेलं असते.


आर्वीकडची सून:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहून राहिली, कारण आधी काही करून दाखवावं असं वाटलं.

चक्कीवाल्या काकांनी भिंत दिली. शाळेच्या अडगळीत तडा गेलेला जुना फळा पडला होता, गुरुजींनी तो दिला. वर काळा ऑइलपेंट मारला. तडा अजून दिसते, पण खडू चालते. बचत गटातल्या एका पोरीचं अक्षर मोठं आहे, तीच लिहिते. फळ्यावर पहिली ओळ लिहिली ती लसीकरणाची. त्या गुरुवारी अंगणवाडीत लेकरं जास्त होती असं सेविकाताईंनी स्वतः सांगितलं.

नाली मोजली. लुगड्यानेच मोजली, टेप मिळाला असता तरी. सव्वासहा लुगडी, एकोणीस घरं, हापशीच्या ओट्यापासून सात पावलं. अर्ज दिला, पोच घेतली. पोच देताना सचिवांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हे बंधित-अबंधित तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आमच्या एका काकांनी. निवृत्त सचिव काका, ते तुम्हीच.

ग्रामसभेची वेळ दुपारची होती, ती संध्याकाळी साडेसहाची झाली. त्यासाठी सरपंचांकडे चौदा बाया मिळून गेलो होतो. ते चांगलं बोलले, हेही सांगायला पाहिजे. हनुमान मंदिराच्या भोंग्यावरून दोन दिवस सांगणार आहेत. महिला सभा १ ऑक्टोबरला, हप्त्याच्या दिवशी, अंगणवाडीत. सासूबाई विचारून राहिल्या, तिथं खुर्चीवर बसायचं का खाली सतरंजीवर. मी म्हटलं, पुढे बसायचं.

१५ ऑगस्टच्या इतिवृत्ताची नक्कल मिळाली. हजेरीत एकशे चार सह्या आहेत. बंधित निधीतून काय काम घेतलं तो कागद मात्र अजून मिळाला नाही, "शोधून ठेवतो" म्हणाले. उद्या सकाळी सोंगणीला जायच्या आधी पुन्हा जाऊन येते.