कादंबरी, कॉमिक की छोटी फिल्म? करून पाहिलेल्यांनी सांगा

केज तालुका, बीड (धाग्याची सुरुवात)

मी ऊसतोड कामगारांच्या घरातली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लहान पोरं घालून कारखान्यांकडे निघतात आणि गाव निम्मं रिकामं होतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी आजीपाशी राहून शिकले. आता बी.ए. झालंय आणि एक गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे. आजी, तिची सातवीतली नात आणि त्या नातीची सोळा वर्षांची बहीण. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर सांभाळायची कुणी, म्हणून तिचं लग्न उरकायचं चाललंय. लग्न झालं की नवी जोडी, नवी उचल. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

वहीत बरंच लिहून झालंय. सर म्हणतात कादंबरी कर. माझी मैत्रीण चित्रं फार सुंदर काढते, ती म्हणते कॉमिक करू. चुलतभाऊ म्हणतो वर्गणी काढून अर्ध्या तासाची फिल्म करू, कॅमेरा मी आणतो. यातलं काही ज्यांनी शेवटपर्यंत नेलंय त्यांनी कृपया लिहा. कशात किती जीव लागला, कुणाकुणाची गरज पडली, हातात काय आलं?

कोल्हापूर, निवृत्त शिक्षिका

अगं पोरी, मी कादंबरी लिहिली ती नोकरी, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांच्या परीक्षा हे सगळं चालू असताना. कादंबरीची ही मोठी सोय. कुणाची तारीख घ्यावी लागत नाही. स्वयंपाकघर आवरलं की वही उघडायची, झोप आली की मिटायची. सहा महिने हात लागला नाही तरी ती तिथेच असते.

तुझ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त कोण दिसतं सांगू? आजी. रात्री अंथरुणावर पडून ती हिशेब करत असणार. गेल्या सालची उचल किती फिटली, किती अंगावर राहिली, थोरलीचं लग्न केलं तर काय, नाही केलं तर काय. ती बाहेर एक शब्द बोलणार नाही. माणसाच्या मनातलं असं पानंच्या पानं चाललेलं बोलणं कादंबरीच पेलते.

छपाईचंही सांगते, म्हणजे भीती जाईल. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, त्यामुळे 240 पानं म्हणजे पंधरा फर्मे, असा हिशेब प्रकाशक मांडतो. पुस्तकाच्या ओळखीसाठी लागणाऱ्या आयएसबीएन क्रमांकाला आपल्या देशात पैसे पडत नाहीत. मला एका प्रकाशकाने सांगितलं, "निम्म्या प्रती तुम्हीच विकत घ्या." मी हस्तलिखित उचललं आणि दुसऱ्याकडे गेले. दुसऱ्याने एकही पैसा न मागता छापलं, फक्त वेळ लावला. मुद्रितं (प्रुफं) मात्र स्वतः तपास. तुझ्या बोलीतले शब्द कुणीतरी सुधारून ठेवेल आणि आजी एकदम पुण्याची होऊन बसेल.

आधी एखादं प्रकरण दीर्घकथा करून दिवाळी अंकाला पाठव. 1909 पासून आपल्याकडे ही वाट रुळलेली आहे आणि नव्या माणसाचं लेखन तिथे खरोखर वाचलं जातं. पाठवायचं ते उन्हाळ्यातच, गणपतीनंतर उशीर होतो.

नाशिक, लघुपट करतो

ताई, भावाला सांगा की कॅमेरा ही सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. आधी हंगाम बघा. तुमच्या गोष्टीला गाव रिकामं हवं, शेतात ऊस उभा हवा. म्हणजे चित्रीकरण नोव्हेंबर ते मार्च यातच. एखादा प्रसंग राहिला तर पुढचा हंगाम, आणि तोवर सातवीतली मुलगी वीतभर उंच झालेली असते.

तिच्यासाठी कायदा नीट पाहून ठेवा. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला घ्यायचं तर बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायचीच, आणि तिच्या मानधनातले किमान 20 टक्के तिच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. आम्ही वेळापत्रकच या पाच तासांभोवती लावलं. सकाळी मुलीचे शॉट, मग तिला सुट्टी आणि मोठ्यांचं काम. अतिशय रास्त नियम आहेत, पाळून बघा, मूलही ताजं राहतं.

पैसा जातो जेवणात, डिझेलमध्ये आणि आवाजात. आवाजावर कंजुषी करू नका. पत्र्याच्या घरात दुपारचा प्रसंग लावला होता आणि ऊन चढलं तसा पत्रा टकटक वाजायला लागला. कानाला सहज ऐकू येत नाही, पण माईक सगळं टिपतो. ओली गोणपाटं टाकून पाहिली, थोडा फरक पडला. शेवटी घरातले सगळे प्रसंग सकाळी दहाच्या आत आणि दिवस मावळल्यावर घेतले. शिवाय प्रत्येक जागेची एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून. संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते.

एवढ्या खटाटोपातून काय मिळतं, तेही सांगतो. आमच्या फिल्ममध्ये गावातल्याच एक आजी होत्या. त्यांना संवाद दिलाच नाही, फक्त तांदूळ निवडायला बसवलं. समोर नट मुलीच्या स्थळाचं बोलत होता. आजींनी मान वर केली नाही, पण हातातला खडा जरा जास्तच लांब फेकला. हे कुणीही लिहिलेलं नव्हतं. तुमच्या घरातलं न बोललेलं आहे ना, ते असं पकडता येतं.

आणि पैशांचं म्हणाल तर आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचा मार्ग अजून चालतो. 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. मोठा चित्रपट आला 1913 मध्ये. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून युनिटच्या स्वयंपाकापर्यंत सगळं करत होत्या. तुम्हीही आधी दोन मिनिटांचा एकच प्रसंग करा आणि तो दाखवून वर्गणी मागा.

फोंडा, गोवा

2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होतो, त्यामुळे आम्हाला जगभरचे सिनेमे घरबसल्या मिळतात, आणि मी भावाच्या लघुपटामागे बराच फिरलो आहे. एवढंच सांगतो. फिल्म झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नका. आधी कुठे दाखवलेली असेल तर काही महोत्सव घेत नाहीत. प्रवेश शुल्कही बऱ्याच ठिकाणी असतं, त्याची तरतूद पहिल्या दिवशीच बाजूला काढा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या दादांचं तांदळाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण एक अडचण आता नीट दिसते आहे. फिल्म आमच्याच गावात करावी लागेल, आणि थोरलीची भूमिका कुणीही केली तरी ही कुणाची गोष्ट ते अख्ख्या गावाला कळेल. ती मुलगी आता तिच्या सासरी आहे. तिला त्रास झालेला मला चालणार नाही.

पुणे, चित्रकार

मग मैत्रिणीचं गांभीर्याने घे. चित्रातला चेहरा कुणाचाच नसतो आणि तरी ओळखीचा वाटतो. अशा गोष्टीला ही मोठी ढाल आहे.

मी एका लेखकमित्राबरोबर लांब कॉमिक केलं. सुरुवातीला तो लिहून द्यायचा, "ती उभी राहिली आणि तिला सगळं बालपण आठवलं." हे मी काढू कसं? मग एकदा त्याने लिहिलं, "तिच्या हातात रिकामी कळशी. रांग पुढे सरकली, ती नाही." दोन चौकटी, संवादाचा एकही फुगा नाही. त्या दिवशी तो कॉमिकचा लेखक झाला. तुला जमेल का ते आजच पाहता येईल. वहीतलं एक पान घे आणि जे दिसू शकत नाही ते सगळं खोडून टाक. उरलेल्यात गोष्ट शिल्लक असेल तर पुढे जा.

श्रमाची कल्पना असू दे. तू एका रात्रीत लिहिलेलं एक पान काढायला, शाई करायला मैत्रिणीचे दोन-तीन दिवस जातात. शंभर पानांचं म्हटलं तर तिच्या आयुष्यातलं एक वर्ष तू मागते आहेस. म्हणून नाव कुणाचं कुठे, पैसे कसे वाटायचे, हे कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. मैत्री आहे म्हणूनच करा. 'चिंटू' 1991 पासून इतकी वर्षं चाललं ते वाडेकर आणि पंडित या जोडीच्या बळावर. अशी जोडी जमणं हे भाग्य आहे, ते जपावं लागतं.

देवनागरीच्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळींत अंतर जास्त लागतं. त्यामुळे फुग्यासाठी आधीच जागा मोकळी सोड. एका फुग्यात वीसेक शब्दांच्या वर जाऊ नको. महत्त्वाची गोष्ट उजव्या पानाच्या शेवटी थांबव, म्हणजे पान उलटल्यावरच कळेल. मुकादम दारात आला, हे असं पान उलटून येऊ दे.

आणि चौकटी म्हणजे अमेरिकेसारख्याच हव्यात असं काही नाही. डॉ. आंबेडकरांवरचं 'भीमायन' (2011) बघाच. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान-गोंड कलाकारांनी त्यात माणसं चौकोनांत कोंडली नाहीत. भिंतीवर काढायच्या दिग्ण्याच्या नक्षीने पानं विभागली. साध्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. तुझ्या गावात दारासमोर, भिंतीवर बायका काय काढतात? मैत्रिणीला तिथून सुरुवात करू दे.

वाईट बाजू ही, की मोठ्यांसाठीचं लांब कॉमिक छापणारे मराठीत फार थोडे आहेत. आमचं आम्हीच छापलं, प्रदर्शनांत टेबल लावून विकलं. कादंबरी जशी गावोगावच्या वाचनालयांत आपोआप पोचते तसं याचं होत नाही.

छत्रपती संभाजीनगर, नाट्यप्रशिक्षक

तिन्ही वाटांच्या आधी एक वाट आहे, एकांकिका. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि आपल्या मराठवाड्यातल्या पोरांनी स्पर्धांच्या रंगमंचावरच संवाद लिहायला शिकून पुढे सिनेमा गाठला आहे. आजी आणि दोन नाती, एक खाट, एक चूल, बस्स. तालमीत समोरच्या माणसाच्या तोंडी वाक्य अडकलं की ते खोटं आहे हे लगेच कळतं. पदवी झाली असली तरी खुल्या स्पर्धा भरपूर असतात.

मुंबई, मालिकांसाठी लिहिते

एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. पटकथा लिहून झाली तरी काहीच झालेलं नसतं. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, या मापात तुम्ही इतरांसाठी सूचना लिहून ठेवता. दिग्दर्शक, नट, पैसेवाला यांपैकी एक जरी हलला तरी ते कागद कपाटात जातात. मला माणसांत काम करायला मनापासून आवडतं म्हणून मी यात आहे. एकटीनं केलेलं पूर्ण व्हावं, त्यावर आपलं नाव असावं असं ज्यांना वाटतं, त्यांना हे फार जाचतं. फिल्म करायचीच ठरली तर पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि मगच कुणाला ईमेल करा. कादंबरी आधी लिहिलीत तर तिचे हक्क तुमच्याकडे राहतात, तुमच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. त्यावर सिनेमा नंतर होऊ शकतो. त्याच्या अटी तुम्ही घालू शकता.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं, मैत्रिणीलाही वाचून दाखवलं. फिल्म आत्ता नाही. भावाला वाईट वाटलंय, पण पटलंय. कादंबरी मी लिहिणार, आजीच्या बाजूने. धाकटीला शाळेत, पाणवठ्यावर, लग्नघरात जे दिसतं ते कॉमिक होईल, आधी बारा पानांचं, आणि ते मैत्रीण तिच्या वेळेने काढेल. आमच्याकडच्या पोळ्याच्या भिंतीवरच्या चित्रांचे फोटो तिने कालच गोळा करायला घेतले. कोल्हापूरच्या बाई, एक विचारायचं आहे. संवाद आमच्या बोलीत लिहिते आहेच, निवेदनही बोलीत चालेल का?

कोल्हापूर, निवृत्त शिक्षिका

आजीच्या मनातलं आहे ना, मग बोलीतच लिही. पहिली वीस पानं झाली की मला पाठव. लाल पेन हातात घेणार नाही, फक्त वाचेन.