प्रति: ‘निवडणुकीपुरते बोलतात, दुर्लक्ष करा’

नेत्यांची द्वेषाची भाषा निवडणुकीपुरतीच असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे, हे मत मला पटत नाही. ऑस्ट्रियात २००० साली फ्रीडम पार्टी हा स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा अति-उजवा पक्ष सत्तेत सहभागी झाला, तेव्हा युरोपीय संघातील उरलेल्या १४ देशांनी त्या सरकारशी राजकीय संपर्क तोडला होता (काही महिन्यांत तो बहिष्कार मागे घेतला गेला, हे खरे). २०१७ मध्ये तोच पक्ष पुन्हा सत्तेत आला तेव्हा तसे काहीच घडले नाही आणि २०२४ च्या निवडणुकीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. दरम्यान मुख्य प्रवाहातील पक्षांनीही मते टिकवण्यासाठी स्थलांतरितांविषयीची तीच भाषा थोडी सौम्य करून उचलली होती. अशी भाषा हळूहळू सवयीची होत जाते, म्हणूनच आपल्या आवडत्या नेत्याच्या विखारी विधानावर ‘त्यांना तसे म्हणायचे नव्हते’ अशी सारवासारव करणारे समर्थक मला या घसरणीला अधिक जबाबदार वाटतात.