मदत हवी आहे: रोमान्स कादंबऱ्यांवरची चर्चा भांडणाविना कशी घ्यावी?

मंडळी, रत्नागिरीतल्या आमच्या वाचक गटाने गणपतीआधीच्या बैठकीला सध्याच्या इंग्रजी रोमान्स कादंबऱ्या घ्यायचं ठरवलंय. गटात कॉलेजच्या मुली आहेत, निवृत्त शिक्षिकाही. पुस्तक निवडतानाच दोन तट पडलेत.

मुलींना 'आधी वैर, मग प्रेम' किंवा 'खोटं खोटं जमवलेलं नातं' हवं. शेवट गोडच होणार हे ठाऊक असतं, गंमत तिथवर कसं पोचतात यात. बाई नेमक्या यालाच साचा म्हणतात. (१८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्येही आधी तिरस्कारच आहे, पण ते त्यांना चालतं!) गाडी खरी अडते ती साधारण पाऊण पुस्तक झाल्यावरच्या ताटातुटीपाशी. एका फोनने मिटेल असा गैरसमज पन्नास पानं ताणला की मुलीही वैतागतात. तीच ताटातूट पात्राच्या भीतीतून किंवा हट्टातून आली, तर कुणी कुरकुरत नाही.

दुसरी पंचाईत 'इट एंड्स विथ अस' (२०१६) सारख्या पुस्तकांची. मुखपृष्ठावर फुलं, आत नवऱ्याची मारहाण. हलकंफुलकं समजून उचललं की धक्का बसतो. आशयाची सूचना आधी द्यावी, तर काहीजण रसभंग झाला म्हणतात.

तीनशे-साडेतीनशे पानांचं, दोन्ही तटांना बोलायला लावेल असं एखादं सुचवा. आणि चर्चा ताटातुटीच्या प्रकरणाआधी थांबवून 'पुढे काय व्हावं?' विचारणं बरं, की सगळ्यांचं वाचून झाल्यावरच बसावं? दीड तास हाताशी आहे.