हेड गॅस्केट गेलंय की नुसती गळती? हेड उतरवण्याआधी काय तपासायचं?

घाटरस्ता
नमस्कार. गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, २०१३ चं मॉडेल, ९२,००० किमी. दहा दिवसांत कूलंट साधारण अर्धा लिटर कमी होतं, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही. एसी लावून खंबाटकी चढताना काटा पाऊणपर्यंत जातो, सपाटीला परत मध्यावर येतो. सकाळी पाचेक मिनिटं सायलेन्सरमधून पांढरा धूर. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ पिवळट चिकटा. गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व) काढून टाकला, फरक पडला नाही. आता म्हणतात हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट, गेलंय, २४,००० होतील. मिसिंग नाही, पिकअप नेहमीसारखा. रोजचं रनिंग घर ते ऑफिस चार किमी, घाट महिन्यातून दोनदा. हेड उतरवायला देण्याआधी खात्री कशी करू?

पाना_बारा_तेरा
यातल्या निम्म्या खुणा चार किमीच्या रनिंगनं आणि काढलेल्या थर्मोस्टॅटनंही येतात. ऑइल पुरतं तापलंच नाही तर आतली वाफ बाहेर पडत नाही. ती सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाखाली जाऊन बसते आणि ऑइलबरोबर फेटली जाऊन तो चिकटा होतो. डिपस्टिक बघा. तिथलं ऑइल स्वच्छ आणि पातळी होती तेवढीच असेल, तर नुसत्या झाकणावरून हेडला दोषी धरू नका. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल किंवा पातळी चढली असेल, तर मात्र गाडी सुरूही करू नका. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. वॉल्व उघडला की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला की बायपास कायम उघडा, आणि बरंचसं कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं. म्हणजे सपाटीला इंजिन नको इतकं गार आणि घाटात गरम. तो आधी परत बसवा.

आता क्रमानं. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज पाइप सकाळी सुरू करण्याआधी दाबून बघा. गार इंजिनावर तो टणक लागला, तर आत कशाचा तरी दाब साठलाय. हेडचा संशय तिथून सुरू होतो. मऊ असेल तर रेडिएटरचं झाकण काढा (गार असतानाच) आणि त्याच्यावर आकडा वाचा, ०.९ किंवा १.१ असेल. तो बारमधला दाब. १.१ बारला साधं पाणीही १२० अंशांच्या पुढे उकळतं. झाकणाचं रबर चिरलेलं किंवा स्प्रिंग मऊ पडलेली असेल तर शंभराच्या आसपासच उकळायला लागतं आणि बाटलीतून बाहेर जातं. ही साधी गोष्ट हेड उतरवल्यावर तपासणारे लोक आहेत.

मग प्रेशर टेस्ट. हातपंप रेडिएटरच्या तोंडावर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच भरायचं, त्यापुढे नाही, नाहीतर चांगला रेडिएटर फोडाल. पंधरा मिनिटं थांबा. दाब पडला आणि बाहेर ओल दिसली तर काम सोपं. बघायच्या जागा: होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि अॅल्युमिनियमचा जोड, थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, आणि डाव्या सीटपुढच्या गालिच्याची खालची बाजू. तिथे ओल आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर). दाब पडतोय पण बाहेर सगळं कोरडं, असं असेल तर चारही स्पार्क प्लग काढा, दाब तसाच ठेवून तासभर थांबा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारा. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट उतरतंय त्यातून फवारा येतो. तोंड लांब ठेवा.

निळं_ते_पिवळं
वरच्याला जोड. हेडचा निकाल लावायला केमिकल ब्लॉक टेस्ट हवीच. काचेच्या नळीत ब्रोमोथायमॉल ब्लूचं निळं द्रव असतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळं होतं. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, पण झाकण गार असताना काढायचं आणि मग उघड्या तोंडानंच तापवायचं. कूलंटची पातळी तोंडापासून दोन इंच खाली उतरवा, कूलंट नळीत ओढलं गेलं की ते द्रव वाया.

नुसते बुडबुडे बघून कोणी निकाल सांगितला तर मानू नका. कूलंट भरल्यावर अडकलेली हवाही बुडबुडे देते. फरक असा की ती थोड्या वेळात संपते. गॅसचे बुडबुडे संपत नाहीत, रेस दिली की वाढतात.

डिझेल_आणि_धूर
ब्लॉक टेस्टबद्दल थोडं वेगळं मत. आयडलिंगवर दोन मिनिटं निळं राहिलं म्हणून हेड निर्दोष ठरत नाही. बारीक गळती फक्त लोडवर उघडते. २,००० ते २,५०० आरपीएमवर धरून परत करा, आणि जमलं तर घाट चढून आल्यावर त्याच दिवशी एकदा, पण इंजिन गार होऊ देऊन मगच झाकण काढा. दोन्ही वेळा निळं राहिलं तरच विश्वास.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब देतो ते मोजणं) कराल तर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून. आकडा किती यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट. पण लक्षात घ्या, पाण्याच्या वाटेकडची बारीक फट कॉम्प्रेशनमध्ये सापडत नाही बऱ्याचदा. तिथे लीक-डाउन टेस्ट: पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर, ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व. आणि प्लग बघा. कूलंट जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकी तिघांपेक्षा संशयास्पद स्वच्छ असतो, पिस्टनचा माथाही वाफेनं धुतल्यासारखा.

डिझेलवाले वाचत असतील तर: पांढरा धूर आणि कूलंट कमी म्हणजे आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा जळका वायू कूलंटनं गार करणारा भाग) तपासा, हेड नंतर.

घाटरस्ता
धन्यवाद मंडळी. दुसऱ्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट परत घालून सगळं करून घेतलं. डिपस्टिक स्वच्छ. सकाळी होज मऊ. झाकण १.१ चं, रबराला चीर आहे. ब्लॉक टेस्ट आयडलिंगवर आणि रेस देऊन, दोन्ही वेळा निळी. घाट चढून आल्यावरची राहिलीय. प्रेशर १.१ वरून पंधरा मिनिटांत ०.७. खाली थेंब नाही, पण वॉटर पंपाच्या खालून गुलाबीसर पांढरा वाळलेला थर निघाला, नखानं खरवडला तर खडूसारखा. प्लग चारही सारखे तपकिरी. मग सकाळचा धूर?

पाना_बारा_तेरा
सापडलं. तो थर म्हणजे कूलंट उडून गेल्यावर मागे राहिलेला ऐवज. पंपाच्या शाफ्टवर एका बाजूला सील, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, मधे ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता भोकातून बाहेर यावं म्हणून. गाडी चालू असताना, दाबाखाली, तापलेल्या ब्लॉकवर पडतं आणि जागच्या जागी वाफ होते. उभी केल्यावर दाब उतरतो, गळती थांबते. पार्किंग कोरडं राहतं ते यामुळे. धुराचं म्हणाल तर पेट्रोल जळून पाणीच होतं, ते गार सायलेन्सरमध्ये साचून सकाळी वाफ होऊन निघतं. तापल्यावर बंद होत असेल आणि वास गोडसर नसेल तर सोडून द्या.

पंप, त्याचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, आणि झाकण एकदमच बदला. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही, मजुरी तीच लागते. पंप बसतो ती जागा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, एमरी कागद अॅल्युमिनियमवर फिरवू देऊ नका. आणि कोणी गळती बंद करायची पावडर घालतो म्हणाला तर हात जोडा. ती आधी हीटर कोअर बुजवते.

डिझेल_आणि_धूर
निळं आलंय म्हणून ठीक, पण हेच वाचून कोणाचं पिवळं आलं तर: हेड उतरवल्यावर स्ट्रेट-एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पात्यांनी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर वाक मोजून घ्या. बहुतेक अॅल्युमिनियम हेडना मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास, नेमका आकडा मॅन्युअलमधून. ब्लॉकचा माथाही मोजायचा, तो बरेचजण विसरतात. हेड चिरेसाठी प्रेशरवर तपासल्याशिवाय फेसिंगला (घासून सपाट करायला) पैसे देऊ नका. बोल्ट ताणून बसणाऱ्या जातीचे असतील तर नवेच. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर आवळताना ब्लॉक तडकतो, कारण द्रव दबत नाही. आवळायचं मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच.

घाटरस्ता
पंप सांगितलाय. शेवटचं एक: मॅन्युअलमध्ये क्षमता ४.५ लिटर आहे. तयार मिक्स कूलंट घेऊ की घट्ट (पाणी न मिसळलेलं)?

पाना_बारा_तेरा
फ्लश करणार असाल तर घट्टच. साध्या पाण्यानं धुतल्यावर खालचा नळ उघडला तरी ब्लॉकमध्ये दीडेक लिटर पाणी अडकून राहतं. त्यावर तयार ५०:५० चं तीन लिटर ओतलं तर प्रत्यक्षात कूलंट ३३ टक्केच होतं. म्हणून आधी घट्ट कूलंट २.२५ लिटर, मग डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) तोंडापर्यंत. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. प्रकार मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, रंगावरून घेऊ नका. भरताना हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलिंग, मधेमधे वरचा होज दाबत राहा. जुनं कूलंट गटारात ओतू नका, उघड्यावर ठेवू नका. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

घाटरस्ता
घट्ट घेतो. खंबाटकी चढून आल्यावर तिसरी ब्लॉक टेस्ट करून इथे रंग टाकतो.