मदत हवी आहे: चार महिन्यांत अमृतसर नीट समजून घ्यायचे आहे

नमस्कार.

मी नांदेडची असून तेथील एका शाळेत अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाले. मुलीची बदली अमृतसरला झाल्यामुळे सध्या मी तिच्याकडे आहे आणि वैशाखीपर्यंत येथेच राहणार आहे. नांदेडच्या माणसाला अमृतसर परके वाटत नाही. सचखंड एक्सप्रेस आमच्याच स्थानकावरून सुटते आणि आमच्या गावचा हजूर साहिब गुरुद्वारा तर लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे हे शहर आपल्याला निम्मे तरी ठाऊक असेल असे मी धरून चालले होते. ती समजूत पहिल्याच आठवड्यात गळून पडली.

सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि अटारी सीमेवरचा संध्याकाळचा सोहळा हे तिन्ही पहिल्या चार दिवसांत पाहून झाले. येथे येणारा बहुतेक प्रवासी एवढे पाहून परततो. मला मात्र या तिन्हींच्या मधले शहर पाहायचे आहे. १५७७ मध्ये गुरू रामदासांनी वसवलेले, १७५७ नंतर अब्दालीने पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त करूनही दर वेळी उभे राहिलेले आणि महाराजा रणजितसिंहांच्या काळात व्यापाराने भरभराटलेले हे गाव १९४७ मध्ये अचानक देशाच्या टोकाशी आले. ज्या लाहोरशी त्याचे रोजचे जाणे-येणे होते ते लाहोर जेमतेम पन्नास किलोमीटरवर असूनही परदेश झाले. असे झाल्यावर एखाद्या शहराचे बाजार, गल्ल्या आणि माणसे यांचे नेमके काय होते, हा माझा खरा प्रश्न आहे.

वर्गात मी शिकवत असे की १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरला पोहोचल्या. मुलांना अटकेपार झेंडे पाठ होते, पण ज्या पंजाबातून त्या फौजा गेल्या तेथे आदल्याच वर्षी हरिमंदिराची, म्हणजे सुवर्णमंदिराची, विटंबना झाली होती, हे मी कधी सांगितले नाही. जालियनवाला बागेतील हत्याकांडाची काँग्रेसतर्फे चौकशी करणाऱ्या समितीत मुंबईचे मुकुंदराव जयकर होते, हेही धड्यात नव्हते. या शहराशी आपला संबंध होता आणि आपण तो अर्धवट शिकवला, याची मला खरोखर खंत वाटते.

जुन्या शहरात मी एकटीच फिरते. तेथील गल्ल्या माझ्या डोक्यात बसत नाहीत; कटरा, कूचा, मंडी, बाजार हे शब्द पाट्यांवर दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध कळत नाही. पंजाबीची गुरुमुखी लिपी शिकायला सुरुवात केली आहे, तरी त्यांचा ‘स’ आपल्या ‘म’सारखा आणि त्यांचा ‘म’ आपल्या ‘भ’सारखा दिसत असल्याने पाटी वाचताना हमखास गोंधळ होतो. याहून मोठी अडचण वेगळी आहे. आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक आजी राहतात. एका दुपारी मी त्यांना सरळ फाळणीबद्दल विचारले. त्या एकदम गप्प झाल्या आणि थोड्या वेळाने उठून आत गेल्या. तेव्हापासून मला फार अपराधी वाटते आहे. ज्यांनी हे भोगले त्यांना कसे विचारावे, की विचारूच नये? येथे राहिलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

ताई, बँकेच्या नोकरीमुळे माझी नऊ वर्षे अमृतसरला गेली, म्हणून लिहितो.

आधी गल्ल्यांबद्दल. अठराव्या शतकात शिखांच्या निरनिराळ्या मिसलींच्या, म्हणजे लढाऊ गटांच्या, सरदारांनी दरबार साहिबभोवती (सुवर्णमंदिराभोवती) आपापल्या वस्त्या आणि बाजार वसवले, ते कटरे. कटरा आहलुवालिया हे नाव जस्सासिंग आहलुवालियांच्या मिसलीचे आहे. म्हणजे आपल्या पुण्यात जशा सरदारांच्या आणि पेशव्यांच्या नावांनी पेठा वसल्या, तसेच हे समजा. मंडीचे नाव मालावरून पडते. मजीठ मंडी म्हणजे आपली मंजिष्ठा, रंगाची मुळी. आता तेथे सुक्या मेव्याचा घाऊक व्यापार चालतो. सीमा बंद झाली की अफगाणी मेव्याचे भाव कसे हलतात, हे तेथील व्यापारी कोणत्याही वर्तमानपत्रापेक्षा चांगले सांगतो. तुमच्या मुख्य प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मंडीत आहे. कापडासाठी कटरा जयमलसिंग, दागिन्यांसाठी गुरू बाजार, कंगवे, कडी आणि पोथ्यांसाठी माई सेवां बाजार. एका दिवशी एकच बाजार करा आणि सकाळी अकरानंतर जा, कारण त्याआधी दुकाने उघडत नाहीत.

हॉल बाजारातील खैरुद्दीन मशीद अवश्य पाहा. फाळणीपूर्वी या शहरात मुसलमानांची संख्या फार मोठी होती आणि काश्मीरहून आलेल्या शाल विणकरांनी येथे मोठा धंदा उभा केला होता. १९४७ च्या मार्चपासूनच्या दंगलींत जुन्या शहराचा बराच भाग जळाला आणि नंतर नव्याने बांधला गेला, म्हणून जुन्या गल्ल्यांमध्येच एखादा रस्ता एकदम रुंद आणि सरळ लागला, तर तेथे थांबून चौकशी करावी. टाऊन हॉलच्या इमारतीत २०१७ मध्ये सुरू झालेले फाळणीचे संग्रहालय मात्र हे बाजार हिंडून झाल्यावर पाहा. तेथील ट्रंका आणि भरतकामाच्या फुलकाऱ्या कोणत्या घरांतून निघाल्या असतील, हे तेव्हा जास्त कळते.

सीमा पाहायची तर अटारीच्या सोहळ्यापेक्षा पुल कंजरीला जा. लाहोर-अमृतसर प्रवासात रणजितसिंहांचा मुक्काम तेथे पडत असे. तलाव, मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा जवळजवळ आहेत आणि सीमा अगदी नजरेच्या टप्प्यात आहे. जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची ठोक्याची भांडी युनेस्कोच्या यादीत २०१४ मध्ये आली. पुण्याची तांबट आळी आठवेल. बटाल्याकडील घुमानला नामदेवांसाठी जालच. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि २०१५ चे साहित्य संमेलन तेथे भरले होते.

आता आजींबद्दल. फाळणी हा शब्द तोंडातून काढू नका. पंजाबी माणसे एकमेकांना विचारतात, ‘‘पिच्छों कित्थों दे ओ?’’ म्हणजे मूळचे कुठले. या प्रश्नाने कोणी दुखावत नाही, कारण त्याचे उत्तर गावाचे नाव एवढेच असते. त्यापुढे बोलायचे की नाही, हे उत्तर देणाऱ्याच्या हाती राहते. आणि आपण नांदेडच्या आहात हे त्यांना आधी सांगा. लंगरमध्ये लसूण सोलायला बसलात तर असा प्रश्न बायका तुम्हालाच पहिल्यांदा विचारतील.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. तीन दिवस लंगरमध्ये बसले आणि अगदी आपण म्हणालात तसेच झाले. मजीठ मंडीत दोनदा जाऊन आले. तेथील हकिगत वेगळी लिहीन.

काल आजींकडे गेले, आधीच्या दिवसाबद्दल क्षमा मागितली आणि मी नांदेडची आहे असे सांगितले. त्यांनी ‘‘हजूर साहिब!’’ म्हणून हात जोडले. सचखंड एक्सप्रेसने त्या दोनदा जाऊन आल्या आहेत, गोदावरीचा घाटही त्यांना आठवतो. मग मी तो प्रश्न विचारला. ‘‘सियालकोट,’’ त्या म्हणाल्या, आणि गल्लीचे नाव सांगितले, शेजारच्या हलवायाचे नाव सांगितले. दोन हजार किलोमीटरवरचे माझे गाव त्यांनी दोनदा पाहिले आहे. सियालकोटला त्या परत एकदाही गेलेल्या नाहीत. पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. निघताना त्यांनी मंगळवारी वड्या घालायला बोलावले आहे. अमृतसरी वड्यांच्या डाळीत मसाला नेमका कधी मिसळतात, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया मंगळवारच्या आत कळवावे.