कृष्णेत रोबोट सोडून नदी साफ होणार का?

घाटावरचा :
काल संध्याकाळी सांगलीत सरकारी घाटावर बसलो होतो. पाण्यावर थर्माकोलच्या पत्रावळ्या, हारांचे गठ्ठे, देवाच्या तसबिरीची एक चौकट. दोघेजण काठीला जाळी बांधून काठालगतचं तेवढं ओढत होते, आतलं तसंच पुढं. नेदरलँड्समध्ये 'वेस्टशार्क' नावाची बिनमाणसाची होडी आहे, आ वासून पाण्यावरचा कचरा गिळत फिरते. मेघालयात उमियम तलावातही अशी विजेवरची होडी उतरवलीय. उन्हाळ्यात बंधाऱ्यामुळं आपल्याकडं पाणी जवळपास थांबलेलंच असतं. एक सोडून बघायला काय हरकत आहे?

हरिपूरकर :
हरकत एवढीच की नदी पत्रावळ्यांनी मेलेली नाही. वसंतदादांच्या समाधीजवळ शहराचं सांडपाणी आणणारा शेरीनाला नदीला मिळतो तिथं उभं राहून बघा. मैलापाणी, साबण सगळं विरघळलेलं. जिवाणू त्यावर ताव मारतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. आंघोळीच्या पाण्यात लिटरला निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा असं निकष सांगतो. तो पार घसरला की मासे तोंड वर काढतात आणि मरतात. मासे मेले तेव्हाचं पाणी आठवा, तांबूस, मळीचा वास येणारं. तुमची होडी फार तर मेलेले मासे गोळा करील.

मिरज_लोकल :
+१. नाल्याचं पाणी उपसून धुळगावला न्यायचं, तिथं तळ्यांत निवळवून शेतीला द्यायचं, ही योजना कागदावर आजही सुंदर आहे. पण उपसा म्हणजे पंप, पंप म्हणजे वीज. पंप थांबला की नाला परत नदीत. आधी तो पंप, मग होडी.

घाटावरचा :
म्हणजे पंप सुरळीत होईतो पत्रावळ्या राहू द्यायच्या? आणि ती जाळीवाली माणसं? औदुंबर-भिलवडी पट्ट्यात मगरी आहेत, हे सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. काठावर वाकून कचरा काढायला तुम्ही जाणार का?

विश्रामबागची :
मगरीनं होडी गिळली तर पंचनामा कसला करायचा? 😄
माझा मुद्दा वेगळा आहे. आयर्विन पुलावर गाडीचा वेग कमी न करता निर्माल्याची पिशवी भिरकावणारे लोक मी रोज बघते. फुलं नाहीत हो, पिशवीसकट! आमच्याच घरात हे चालायचं, सासूबाईंशी दोन वर्षं भांडून बंद केलं. खाली कचरा गिळणारं यंत्र फिरतंय म्हटल्यावर लोक आणखी निर्धास्त होतील.

निवृत्त_मास्तर :
रसायनशास्त्र शिकवलंय, म्हणून थोडं लांबण लावतो. तुम्ही सगळे कचरा उचलणाऱ्या होडीवर भांडताय. मला मोजणारी होडी हवी. आज काय होतं? मासे तरंगले की फोन जातो, माणूस येतो, बाटली भरतो. तोवर ते पाणी अंकलीच्या पुलाखालून गेलेलं असतं. दुसरं असं की शेवाळं दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री उलट घेतं. त्यामुळं पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. दुपारी भरलेल्या बाटलीत नदी नटूनथटून बसलेली दिसते. सेन्सर लावलेली होडी रात्रभर नाल्याच्या वर-खाली आणि वारणेच्या संगमाच्या अलीकडं फिरली, तर प्राणवायू किती वाजता आणि कुठून खाली आला हे कळेल. रात्री दोनला कोणी काही सोडलं तर ते दिवसा बाटली भरून सापडणार आहे का?

हरिपूरकर :
मास्तर, हे पटलं, पण अर्धंच. सेन्सरवर आठवड्यात बुळबुळीत थर चढतो, तो कोण पुसणार? आणि पावसाळ्यात? 2019 ला आयर्विनपाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. अशा धारेत होडी थेट नरसोबाच्या वाडीला प्रसादाला जायची. सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे आकडा मिळाला, पुढं काय? फायलीत जाणार.

निवृत्त_मास्तर :
जूनमध्ये होडी वर काढायची. पुसायला मी आहे, घाट घरापासून पाच मिनिटांवर.

विश्रामबागची :
फायलीत कशाला? ऑगस्टमध्ये आयर्विनचे फूट सगळ्या गल्लीला पाठ असतात. 40 ला सामान माळ्यावर, 45 ला पाहुण्यांकडं. तसाच प्राणवायूचा आकडा रोज पुलावर लावा. लोक विचारायला लागतील.

हरिपूरकर :
पुराचा आकडा लोक बघतात, कारण पाणी दारात येतं. प्राणवायू कुणाच्या दारात येतोय?

निवृत्त_मास्तर :
हेच पाणी नळाला येतंय की.

घाटावरचा :
बरं, मोजणारी तर मोजणारी. पण पत्रावळ्यांचं कुणीच काही बोललं नाही.