जुन्या पेटीतला खेळ, उसनं बालपण आणि देवचाराचे हिट पॉइंट

घाटाखालचा:
परवा वाचनवेडा यांनी लिहिलं की जुन्या डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र खेळवायचा गोष्टीचा खेळ) पुनर्मुद्रणं आणि त्या वळणाचे नवे गेम म्हणजे अमेरिकेतल्या साठीच्या काकांना त्यांचंच बालपण परत विकायचा धंदा, आणि आमच्या कोकणातली पोरं ते उसनं बालपण हप्त्यावर घेतायत. हप्त्यावर म्हणे! काल दुपारी जेवून आडवा झालो तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून आता सविस्तर लिहितो, ज्याला लांब वाटेल त्याने पुढे जावं.

अहो, हे नवे गेम ज्याच्या वळणावर जातात ते बेसिक डी अँड डी १९८१ चं, तेव्हा मी जन्मलोसुद्धा नव्हतो, मला कसला आलाय गहिवर? मी डी अँड डीच्या पाचव्या एडिशनवरूनच आलो, २०१४ वाली. कणकवलीत आम्ही पाच जण, सगळ्यांची कॅरेक्टर फोनमधल्या अ‍ॅपात. आषाढातला शनिवार, खेळ जेमतेम सुरू झाला आणि लाइट गेली, मग रेंज गेली, मग एकेक फोन मेला. पाच जण अंधारात बसलेत आणि कुणालाच आपल्या पात्राला काय काय येतं ते आठवत नाही. एकाकडे बेसिक फँटसी या जुन्या वळणाच्या गेमची फुकट पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेली होती. मेणबत्ती लावली. तीन फासे सहा वेळा टाकायचे, पडेल ते ओळीने लिहायचं, दहा मिनिटांत सगळ्यांची पात्रं तयार. वीस बाजूंचा फासा ज्याच्या बॅगेत तो आलाच नव्हता, मग एक ते वीस चिठ्ठ्या करून करवंटीत टाकल्या. काढलेली चिठ्ठी परत टाकायला कोण विसरलं की भांडण. माझा मांत्रिक, दोन हिट पॉइंट (जिवाचे गुण, शून्यावर आले की मेला), एकच मंत्र, तोसुद्धा झोप आणायचा. विहिरीत डोकावला आणि मेला. रात्री एक वाजता सगळे इतके हसत होतो की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, कोण गेलं रे?

ह्यात बालपण कुठाय सांगा. १९८१ चं बेसिक पुस्तक चौसष्ट पानांचं आहे, त्यात 'निरीक्षण' (पर्सेप्शन) असलं काही स्किल नाही, त्यामुळे 'पर्सेप्शन टाकतो' म्हणून सुटका नाही, 'काठीने फरशी ठोकत जातो' असं तोंडाने सांगावं लागतं. सोन्याचं एक नाणं भुयारातून वर आणलं की एक एक्सपी (अनुभवाचा गुण), आणि राक्षस मारल्याचे मिळतात चणेफुटाणे, म्हणून शहाणा माणूस लढत नाही, चोरतो आणि पळतो. समोर कोण आलं की आधी दोन फासे टाकून त्याचा मूड बघायचा, दोन पडले तर सरळ अंगावर, बारा पडले तर गळ्यात गळा. ही यंत्रणा आहे हो, आठवण नव्हे. आणि २०२३ चा शॅडोडार्क हा गेम तर पुनर्मुद्रणही नाही, त्याचा सांगाडा पाचव्या एडिशनसारखाच, फक्त मशाल खऱ्या घड्याळात एक तास जळते आणि मग काळोख. तो कुठल्या काकांच्या बालपणातला?

वाचनवेडा:
माझ्याच वाक्यावर एवढा निबंध, धन्य झालो. हप्ते मी हवेत बोललो नाही, माझेच आहेत. एका जुन्या-वळणाच्या गेमची पेटी क्राउडफंडिंगमध्ये घेतली. पेटीचे पैसे, त्यावर तितकंच टपाल, त्यावर कस्टम. नोव्हेंबरात येणारी पेटी आली जुलैत, कुरिअरवाल्याने फाटकावरून आत टाकली ती नेमकी पन्हळीखाली. मी रत्नागिरीला घरी पोचेपर्यंत चार तास गेलेले. वरचं पुस्तक फुगून भाकरी झालेलं. पंख्याखाली एकेक पान सुटं केलं, मध्ये वर्तमानपत्र घातलं, गणपतीपर्यंत कडेला हिरवी बुरशी आलीच. आता त्या पुस्तकाला इतका ओल्ड स्कूल वास येतो की विचारू नका.

तुमची झेरॉक्स मान्य. पण तिचा फोटो कोण टाकतं? फोटो कापडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे, रेशमी फितीवाले. खेळ किती जण खेळतात? कपाटात किती, टेबलावर किती, हा माझा मुद्दा होता.

आणि दुसरं. १९७४ ची पहिली छपाई १००० प्रतींची, तीन पुस्तिका, त्या वाचून लढाई कशी खेळायची हेही धड कळत नव्हतं, त्यासाठी १९७१ चं चेनमेल हे वेगळं युद्धनियमांचं पुस्तक जवळ असेल असं धरलेलं. अर्धवट लिहिलेल्या नियमांना आता पन्नास वर्षांनी 'मोकळीक' म्हणायचं. आमच्या बिल्डरने जिन्याला कठडा बसवला नाही, त्यालाही मोकळीकच म्हणतो मी.

शिरोड्याची:
कठड्याच्या उदाहरणाला माझी टाळी. ही 'मोकळीक' डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) असते, खेळणाऱ्याला नाही. पुण्यात शिकत असताना एका ग्रुपमध्ये होते, सहा मुलगे आणि मी. माझी चोर होती, सलग तीन रविवार जिवंत ठेवलेली. चौथ्या रविवारी दारातून आत गेले, छतावरून हिरवा चिखल अंगावर पडला, संपली. का? तर 'तू वर बघते असं बोलली नाहीस.' पुढच्याच खोलीत एक मुलगा न बोलता आत शिरला तर डीएम म्हणे, तो फायटर आहे, अनुभवी आहे, तो बघणारच. पाचव्या एडिशनमध्ये निदान कागदावर आकडा असतो, तो डीएमच्या नाकासमोर धरता येतो. नियम जाड असले की माझ्यासारखीच्या बाजूने कोणीतरी बोलतं.

आणि गहिवर काढणाऱ्यांनी १९७८ चं प्लेअर्स हँडबुक उघडून बघावं. मानव पुरुषाची ताकद १८/०० पर्यंत (इथे ०० म्हणजे शंभर), बाईची १८/५० ला कुलूप. ड्रॅगन उडतो ते चालतं, बाईने दार उचकटलं तर वास्तववाद आठवतो.

नियम_दाखव:
दुरुस्ती. ते बेसिकचं नाही, डी अँड डीच्या दुसऱ्या मालिकेचं: अ‍ॅडव्हान्स्ड. १९८१ च्या बेसिकमध्ये अशी मर्यादा नाही. १९८९ च्या दुसऱ्या एडिशनने अ‍ॅडव्हान्स्डमधूनही ती काढली. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स, २०१९, हा १९८१ च्याच नियमांचा नीट मांडलेला अवतार आहे, त्यातही नाही. त्यामुळे तुमचा राग चुकीच्या पुस्तकावर.

शिरोड्याची:
माझा राग कुठल्या पुस्तकावर असावा हेही तुम्हीच ठरवणार, बरोबर.

दापोलीतला:
😂 नियम_दाखव यांनी सेव्हिंग थ्रो (जीव वाचवायचा फासा) टाकावा.

घाटाखालचा:
शिरोड्याची, तो डीएम नालायक होता, हे बिनशर्त मान्य. पण नालायक माणूस तीनशे पानांच्या पुस्तकातूनही पक्षपात काढतो, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बघा. वाचनवेडा, कपाटाचा मुद्दा अर्धा मान्य, माझ्याकडेही दोन पेट्या न फोडलेल्या आहेत, खूश?

पण कठड्याचं उदाहरण फसवं आहे. दशावतार बघता ना? लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, कोण कोणाला मारणार ठरलेलं, पण बोलणं सगळं जागेवरचं. राजा काय टोमणा मारेल ते राण्याला... म्हणजे राक्षसाला ठाऊक नसतं. म्हणून काय त्याला कोणी अर्धवट नाटक म्हणतं? आपल्या मातीत हे आहे म्हणूनच मला हे जुने गेम परके वाटत नाहीत. मी तर डंजनऐवजी (भुयारी तळघरांऐवजी) आपला कातळाचा सडाच वापरतो, पावसातला कातळ, पडका किल्ला, खाडीतून आत जाणारं भुयार. मशालीऐवजी चूड, सहा टर्न (दहा-दहा मिनिटांच्या) जळते. भुतांचं टेबल पण घरचं केलंय: मुंज्या, हडळ, गिरा, देवचार (सहा हिट डाइस म्हणजे जिवाचे गुण ठरवायचे सहा फासे, एसी म्हणजे चिलखताचा आकडा ३, काठीचा मार १ ते ८).

वाचनवेडा:
दशावतारात शेवट ठरलेला असतो हे तुम्हीच लिहिलंत आणि तुमच्याच गेमची मोठी बढाई अशी की शेवट कोणालाच माहीत नसतो. मग तुलना राहिली कशावर, जागरणावर?

रेडीबंदर:
एक मिनिट. देवचार, सहा हिट डाइस????

मेल्या, देवचाराक मारतलंस? तो काय भूत हा? तो राखणदार. मुंज्या-हडळीच्या रांगेत त्याका बसवलंस? तुझ्या आजयेक इचार. वाट चुकलेल्याक घराकडे आणून सोडता तो. आमचे आजोबा आरवलीहून रात्रीचे चालत येताना ओढ्याकडे वाट चुकले, पुढे काठीचा आणि घुंगरांचा आवाज, त्या आवाजामागून चालत राहिले ते थेट आमच्या बेड्याशी, फाटकाशी. मागे वळून बघितलं नाही. सकाळी विडी आणि नारळ ठेवून आले. आणि तुम्ही त्याला मारून एक्सपी घेणार.

नियम_दाखव:
तांत्रिकदृष्ट्या एक्सपी सोन्याचा जास्त.

रेडीबंदर:
तू गप रव.

दापोलीतला:
रेडीबंदर, रागावू नका, पण हा उद्योग नवा नाही. १९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्स या डी अँड डीच्या देवांच्या पुस्तकात आपल्या इंद्राला हिट पॉइंट आणि आर्मर क्लास देऊन ठेवलाय, अग्नी, वरुण, काली सगळ्यांना. आणि १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला राक्षस बघा, वाघाचं तोंड आणि हातात पाइप, एखादे रिटायर्ड मामलेदार बसलेत असं वाटतं. मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की मरतो. आपल्या कुठल्या आजीने असा राक्षस सांगितलाय?

रेडीबंदर:
त्यांना माहीत नव्हतं, लांबून ऐकून केलं. याला माहीत असून केलं, म्हणून जास्त राग आला. आरवलीच्या वेतोबाला, त्या ग्रामदेवाला, चपला का वाहतात ते याला ठाऊक नसेल? रात्री गावाची फेरी मारून झिजतात म्हणून. झिजलेल्या चपला लोक हात लावून बघतात. त्याला उद्या 'बूट्स ऑफ स्पीड' म्हणाल.

घाटाखालचा:
वेतोबाला मी हात लावलेला नाही, उगाच माझ्या नावावर घालू नका. देवचार मारण्यासाठी नव्हताच, कोणी आगळीक केली तर असावा म्हणून आकडे. आणि आमच्याकडे देवचाराच्या भीतीच्याही गोष्टी आहेत, आमचे मामा तिन्हीसांजेला बोरीखाली थुंकले तर आठ दिवस तापाने फणफणले. सगळं गोडगोड राखणदार नसतं.

रेडीबंदर:
थुंकल्यावर ताप येतलोच. त्याने मारणं वेगळं आणि त्याला मारता येणं वेगळं. ज्याला आकडा दिला तो कधी ना कधी शून्यावर येतो, हे तुमच्याच खेळाचं गणित ना?

शिरोड्याची:
हे मात्र पटलं. आकडा दिला की मारता येतं. (सकाळी मी आकड्यांच्या बाजूने बोलले होते, माहीत आहे, कोणी दाखवू नका.)

नियम_दाखव:
दाखवणार होतो.

वाचनवेडा:
माझा मूळ प्रश्न पुनर्मुद्रणाचा होता, आता आपण मामांच्या तापावर आलो.

दापोलीतला:
तापाचं राहू दे, चुडीचं बोला. सुक्या चुडताची चूड सहा टर्न म्हणजे एक तास? कधी पेटवलीत का हो? हलवत राहिलात तर जळते भसाभसा, हलवायची थांबलात की विझते. आम्ही लहानपणी रात्री खेकडे पकडायला जायचो, वहाळापर्यंत दोन लागायच्या, परतीच्या वेगळ्या. जाताना सगळा भारा एकाच्या काखेत. तो पाण्यात पडला की सगळे अंधारात आणि सगळ्यांचा मार त्याला.

घाटाखालचा:
तो कोण होता ते कळलं 😄 बरं, चूड एक टर्न. पण मग भारा वाहायला माणूस ठेवावा लागेल.

नियम_दाखव:
भाड्याचा माणूस ठेवायची सोय १९८१ च्या नियमांत आहेच. मात्र त्याची निष्ठा तपासावी लागते, मालक कंजूष असेल तर सोडून पळतो.

वाचनवेडा:
हा नियम चांगला आहे. लिहिताना दात खातोय, पण चांगला आहे. अंधारात भारेवाला पळाला की काय होईल ते मला पुस्तक न उघडता दिसतंय.

शिरोड्याची:
आणि 'तू मागे बघते असं बोलली नाहीस' हेही मला आत्ताच ऐकू येतंय.

घाटाखालचा:
शिरोड्याची, आमच्याकडे भिंतीवर कागद लावलाय, 'न बोलता करतो' अशा गोष्टींचा. वर बघणं, खाली बघणं, दार ठोकून बघणं. एकदा कोणी बोललं की सगळ्यांना कायमचं लागू. कागद आता दोन हात लांब झालाय.

शिरोड्याची:
म्हणजे नियमच लिहायला घेतलेत ना शेवटी, हाताने. छान चाललंय.

वाचनवेडा:
🙏

रेडीबंदर:
ते कागदाचं असू दे. देवचाराचं काय केलंस? पान फाडलंस का?

घाटाखालचा:
फाडलं नाही, मागच्या बाजूला नकाशा आहे. आकडे खोडले. तिथे लिहिलंय, लढत नाही, वाट चुकलात तर दोन फासे टाका. आणि काल संध्याकाळी खरंच नाक्यावर विडी-नारळ ठेवून आलो, उगाच कशाला.

रेडीबंदर:
नारळ असोलो होतो मां?

घाटाखालचा:
सोललेला.

रेडीबंदर:
परत जा.